पेन्सिल दादाची, शाई माझी

कागदावर सहीसाठी एकच रेघ होती. मी पान उलटून पाहिलं, मागे दुसरी रेघ आहे का म्हणून. मागची बाजू कोरी होती.

"काय शोधतेस?" वहिनीने विचारलं.

"काही नाही."

मी "काही नाही" म्हणते तेव्हा पुष्कळ काही असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या मंगळवारी सकाळी माझ्या तोंडाकडे बघायला कोणाला सवड नव्हती. वहिनीला दवाखान्यात कामावर जायचं होतं, दादाला चष्मा सापडत नव्हता, आणि टेबलावरचा तो कागद आमच्या गाढवाचं नशीब उघडायला निघाला होता.

गाढव म्हणजे टपाल्या. मुलांच्या एका मासिकात दादा आणि मी गेली सव्वीस वर्षं त्याची दोन पानांची चित्रकथा करतो. आम्ही तिथे नोकरीला नाही. घरी बसून काढतो आणि पानं पाठवून देतो. टपाल्या पोस्टमन आहे. गळ्यात पिशवी अडकवून पत्र द्यायला निघतो आणि वाटेत कोणाचं ना कोणाचं काम करत बसतो. पत्र उशिरा पोचतं, आणि उशिरा पोचलं म्हणूनच सगळ्यांचं भलं होतं. एवढ्याशा भांडवलावर तीनशे गोष्टी निघाल्या.

आता एका कंपनीला त्याचा सिनेमा करायचा होता. कंपनीने मासिकाला विचारलं, हे गाढव तुमचंच ना, मग तसा कागद दाखवा. मासिकवाल्यांनी कपाटं उपसली, कागद काही निघेना. निघणार कुठून? जुने संपादक महिन्याच्या सुरुवातीला फोन करायचे, "काय, या वेळी आपलं गाढव काय करतंय?" आणि दादा म्हणायचा, "झोपलंय, उठवतो." हाच आमचा करारनामा. ते आता घरी बसले आहेत आणि मासिक त्यांची मुलगी चालवते. कागद तिनेच पाठवला होता. ती दादाला काका म्हणते आणि मला ताई. या नात्याने मी माझ्या सख्ख्या भावाची पुतणी लागते, पण ते असो.

कागदावर लिहिलं होतं: 'टपाल्या या पात्राची सर्व चित्रे मी एकट्याने निर्माण केली असून त्यांवरील माझे सर्व हक्क मी मासिकास कायमचे देत आहे.' खाली दादाचं नाव छापलेलं, आणि त्याखाली ती रेघ.

एकट्याने. तो शब्द मी तीनदा वाचला. तीनदा वाचून तो बदलला नाही.

वहिनी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसाला शंभर फॉर्म तिच्या हाताखालून जातात, त्यामुळे रकाने भरण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पत्ता, तारीख, फोन नंबर, सगळं तिने सुवाच्य अक्षरात भरून ठेवलं होतं. सिनेमाची बातमी तिने आदल्या रात्री फक्त आपल्या बहिणीला सांगितली होती, म्हणजे ज्यांना कळायची त्या सगळ्यांना ती कळलीच होती.

"अहो, सही करा, मी जाता जाता पोस्टात टाकते," असं म्हणून ती दारात उभी राहून पुन्हा बहिणीशीच फोनवर बोलायला लागली.

दादाने पेन्सिल उचलली. रेघेवर सावकाश आपली सही काढली आणि कागद टेबलावरून सरकवून माझ्या बाजूला दिला.

हे असं का केलं ते कळायचं तर आमचं टेबल बघायला हवं. खिडकीला लागून मोठं टेबल, एका बाजूला दादा, समोर मी. त्याच्याकडे पेन्सिली, माझ्याकडे टाक, ब्रश, शाईच्या बाटल्या आणि खोडरबर. दादा पेन्सिलने पान काढतो आणि माझ्याकडे सरकवतो. मी त्याच्या रेघांवर शाई करते. शाई वाळली की खालची पेन्सिल पुसून टाकते. पुसावीच लागते, नाहीतर पान छापल्यावर मळकं दिसतं. सगळ्यात शेवटी उजव्या कोपऱ्यात दादाची सही. तीही तो पेन्सिलने काढतो, आणि तीही मीच शाईने ओढते.

नाव त्याचंच का, तर पहिल्या अंकाच्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. संपादकांनी घरी येऊन विचारलं, नाव कोणाचं टाकायचं, तेव्हा मी शाई आणायला दुकानात गेले होते. परत आले तोवर ठरून गेलं होतं. दादाने मुद्दाम काही केलं नाही. त्याला विचारलं, त्याने आपलं नाव सांगितलं. मीही पुढे विषय काढला नाही, आणि त्याचं नाव पानांच्या कोपऱ्यात इतक्यांदा लिहिलं की स्वतःचं तितक्यांदा लिहिलं नसेल.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कोणाला सांगितली नव्हती. गेली आठ वर्षं दादाचा हात थरथरतो. डॉक्टरांच्या गोळ्यांनी चमचा सांभाळता येतो, पेन्सिल येत नाही. कान काढायला जातो आणि शिंगं निघतात. सुरुवातीला मी शाई करताना थोडं सावरून घ्यायची. मग जास्त सावरावं लागलं. मग सहा वर्षांपूर्वी असा दिवस आला की त्याच्या रेघांवर शाई करण्यासारखं काही उरलंच नाही. मी त्या रेघांच्या आसपास माझं चित्र काढायची, वाळू द्यायची, आणि त्याच्या रेघा पुसून टाकायची. झालेलं पान समोर धरलं की तो चष्मा कपाळावर चढवून बघायचा आणि म्हणायचा, "जमलंय." मला वाटायचं, याला काही कळत नाही. आपल्या हुशारीचं मला थोडं कौतुकही होतं.

तर तो कागद माझ्यासमोर आला. राग आला होता, कान गरम होईपर्यंत आला होता. पण समोर पेन्सिलची रेघ आली की माझा हात माझं ऐकत नाही. टाक बुडवला, सही ओढली, वाळू दिली, पेन्सिल पुसली, खोडरबराचा चुरा फुंकून टाकला. दादाने सगळं एकट्याने केल्याची सही मी माझ्या हाताने करून दिली, आणि तीही झकास. वहिनीने फोन कानाशी धरूनच कागद पाकिटात घातला आणि निघून गेली. आपण काय करून बसलो हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढचे दोन दिवस मी दादाशी कामापुरतंच बोलले. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहते. सकाळी खाली उतरायची, शाई करायची, वर जायची. "घसा बसलाय का?" दादाने एकदा विचारलं. मी नुसती मान हलवली, तर त्याने लवंग आणून दिली. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

गुरुवारी वहिनी जिन्यात आडवी आली. "बाईसाहेब, तोंड कशाने फुगलंय?"

"त्यात 'एकट्याने' लिहिलं होतं."

वहिनीने सगळे रकाने भरले होते, पण तेवढी ओळ वाचली नव्हती. "अगं, ते छापील असतं," ती म्हणाली. "छापील मजकूर कोण वाचतं?"

"मी वाचते."

"मग तिथेच बोलायचं होतंस. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि हा तर भाऊ."

"बोलले असते. मग कोणीतरी विचारलं असतं, तू काय करतेस आणि तो काय करतो. मग काय सांगू? हाताचं सांगू?"

वहिनी पायरीकडे बघायला लागली. दादाच्या हाताबद्दल घरात कोणी बोलत नाही. ती त्याच्या कपात चहा अर्धाच ओतते, मी रेघा सावरते, आणि कोणी कोणाला काही म्हणत नाही. त्या टेबलावरून उठला तर दिवसभर तो करणार काय, हा प्रश्न तिलाही पडायचा आणि मलाही. मला माझं नाव हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. पण दादाचा हात चव्हाट्यावर आणून मिळणार असेल तर नको होतं.

"बघ बाई," वहिनी म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली गेली.

शुक्रवारी संपादकांच्या मुलीचा फोन आला. "काका, सहीत काहीतरी घोळ आहे. उद्या अकराला आमच्या वकिलांकडे याल का? आणि ताईंना पण आणा."

"तिला कशाला?" दादाने विचारलं.

"मलाही माहीत नाही. वकील म्हणाले, शाई करणाऱ्यांना पण बोलवा."

वकिलांचं ऑफिस एका बँकेच्या वर तिसऱ्या मजल्यावर होतं. वहिनीने रजा काढली होती, त्यामुळे आम्ही तिघं गेलो. वकील जाडजूड, शांत, आणि सर्दीने बेजार. एका हातात रुमाल, दुसऱ्यात भिंग. समोर आमची पानं रचून ठेवली होती, पहिल्या अंकापासूनची. मासिकाने ती सगळी जपली होती हे मला ठाऊकच नव्हतं. दादा खुर्चीवर बसायचं सोडून त्या गठ्ठ्याकडे गेला आणि वरचं पान उचलून बघत राहिला.

"आधीच सांगतो," वकील म्हणाले, "मी मासिकाचा वकील आहे, तुमचा नाही. नंतर गैरसमज नको." मग त्यांनी तीन कागद ओळीने मांडले. पहिला, दादाच्या ओळखपत्राची प्रत. दुसरा, आम्ही पाठवलेला फॉर्म. तिसरं, टपाल्याचं एक पान. "ओळखपत्रावरची सही आणि फॉर्मवरची सही एका माणसाची नाही. पण फॉर्मवरची आणि पानाच्या कोपऱ्यातली अगदी तंतोतंत एक आहे. हे कसं काय?"

"त्यात काय?" दादा म्हणाला. "सही मीच काढली. हिने फक्त शाई केली."

"सहीला?"

"मग? पेन्सिलची चालली असती का?"

वकिलांनी नाक शिंकरलं. "साहेब, एकाची सही दुसऱ्याने केली तर त्याला काय म्हणतात माहीत आहे?"

"आमच्याकडे शाई करणं म्हणतात," दादा म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. वहिनीने मात्र दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली.

वकील माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं, टेबल, पेन्सिल, टाक, खोडरबर. ते ऐकत गेले आणि मध्येच एखादं पान उचलून भिंगाखाली धरत गेले. जुनी पानं, मधली पानं, गेल्या वर्षीची पानं.

"पेन्सिल सगळी पुसता?"

"एकूण एक. तेच माझं काम."

"म्हणजे या एवढ्या पानांवर यांच्या हातची एक रेघ नाही," ते म्हणाले. "कोपऱ्यातली सहीसुद्धा यांची नाही."

दादाने हातातलं पान हळूच गठ्ठ्यावर ठेवलं. मी सव्वीस वर्षं रोज पान स्वच्छ करते असंच समजत होते. दादाला पुसून टाकते आहे, असं त्या दिवसापर्यंत माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

वकिलांनी मग कायदा सांगितला, आणि मला कळेल असा सांगितला. नोकरीत नसलेल्या माणसाने बाहेर बसून चित्र काढलं आणि हक्क लिहून दिले नाहीत, तर चित्र काढणाऱ्याचंच राहतं. मासिकाला ते छापायची परवानगी होती, तेवढीच. गाढव मासिकाचं कधी नव्हतंच.

"पण आम्ही इतकी वर्षं ते आमचंच समजत होतो," संपादकांची मुलगी म्हणाली.

"समजायला काही लागत नाही. विकायला कागद लागतो," वकील म्हणाले. "आणि काढणारा कोण म्हणाल, तर कागदावर जे दिसतंय ते सगळं ताईंच्या हातचं आहे."

मुलगी कामाला घाईची, पण मनाने वाईट नाही. कंपनी सोमवारपर्यंतच थांबणार होती. "मग ताईंच्याच नावाने फॉर्म करू या," ती म्हणाली. "मजकूर तोच. एक सही, विषय संपला." वकिलांनी काही न बोलता मशीन चालू केलं, आणि दोन मिनिटांत कागद माझ्या पुढ्यात आला. वर माझं नाव, छापील. मजकुरात 'मी एकटीने'. खाली एकच रेघ.

मला आनंद झाला. झाला तो झाला, लपवत नाही. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. लग्न केलं नाही म्हणून ते पत्रिकेवरही कधी आलं नव्हतं. घोटभर पाणी पिण्याइतका वेळ मी त्या नावाकडे बघत बसले आणि दादाकडे बघायचं टाळलं.

"कर सही," दादा म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. तेच वाईट झालं. टोमणा मारला असता तर मी सही ठोकून मोकळी झाले असते.

"माझं एकटीचं कसं असेल?" मी म्हटलं. "मी एकटीने गाढव काढलं असतं तर ते पत्र वेळेवर देऊन घरी गेलं असतं. या कागदाला आणखी एक रेघ हवी."

वकिलांनी रुमाल खाली ठेवला. "दोन रेघा मारता येतील. पण मग कोणी काय केलं, कधीपासून केलं, ते लिहावं लागेल. पानावर पुरावा नाही, तेव्हा तुम्हा दोघांच्या शब्दावरच जायचं. खरं काय ते सांगा."

हाच प्रश्न येऊ नये म्हणून मी चार दिवस तोंड शिवून बसले होते. मी घाईघाईने म्हटलं, "पेन्सिल दादाची, शाई माझी. पहिल्या अंकापासून आजपर्यंत."

वकील लिहायला लागले.

"आजपर्यंत नाही," दादा म्हणाला.

तो उठला आणि गठ्ठ्यातली पानं उलटायला लागला. हात थरथरत होते, पानं एकमेकांत अडकत होती. वहिनी उठू लागली, त्याने तिला नजरेनेच बसवलं. बराच वेळ गेला. शेवटी एक पान त्याने बाहेर काढलं. टपाल्या नदीतून पोहत चाललाय, पत्रांची पिशवी डोक्यावर.

"इथपर्यंत माझी," तो म्हणाला. "याच्या पुढच्या अंकापासून पेन्सिलही तिचीच. मी रेघोट्या मारतो, ती त्या पुसते आणि आपलं चित्र काढते. सहा वर्षं झाली. माझा हात गेलाय."

"दादा!"

"गप बस. खरं सांगा म्हणालेत ना ते?"

"तुला माहीत होतं?"

"अगं, जन्मभर गाढवं काढली, माझं गाढव मला ओळखू येणार नाही?" तो म्हणाला. "तुझं माझ्यापेक्षा शहाणं दिसतं. डोळ्यांत कळतं."

"मग बोलला का नाहीस?"

दादाने चष्मा काढला, उगाचच पुसला, परत लावला. "बोललो असतो, तर उद्यापासून त्या टेबलावर कशाला बसायचं होतं मी?"

मला रडू आलं. रागही आला, त्याचा आणि माझाही. सहा वर्षं मी त्याच्यापासून लपवत होते, तो मला लपवू देत होता, आणि वहिनी दोघांपासून लपून अर्धा कप चहा ओतत होती. एवढे शहाणे तिघं एका घरात राहणं बरं नव्हे.

वकिलांनी माझं रडणं संपेपर्यंत वाट पाहिली. सर्दीमुळे त्यांचेही डोळे गळत होते, त्यामुळे मला फारसं ओशाळल्यासारखं झालं नाही. मग त्यांनी विचारलं, "मग गेली सहा वर्षं हे काय करतात? मला लिहावं लागेल."

"नाही म्हणतात," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मी एक पान काढते, हे नाही म्हणतात. गेल्या महिन्याचंच घ्या. टपाल्या म्हातारीच्या दारात पत्र घेऊन येतो आणि दार वाजवतो, असं मी काढलं होतं. शाई करून झाली होती. दादा म्हणाला, ती झोपलीय, वाजवू नकोस, त्याला पायरीवर बसव. मी चिडले. अख्खं पान नव्याने काढलं. आणि मग गाढव पायरीवर बसलं, त्याला बघून शेजारची माणसं एकेक करून येऊन बसली, आणि म्हातारी उठली तेव्हा तिच्या दारात सगळी आळी जमली होती. गोष्ट झाली ती तिथे. मी काढलेल्या पानात नुसतं पत्र पोचलं होतं. यांनी हो म्हटल्याशिवाय घरातून आजवर एक पान बाहेर गेलेलं नाही."

"फॉर्ममध्ये 'नाही म्हणणे' असं काम लिहिता येत नाही," वकील म्हणाले.

"का नाही?" संपादकांची मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांनी चाळीस वर्षं तेवढंच केलं."

वहिनी खुदकन हसली, आणि मग सगळ्यांनाच हसणं आवरेना. वकिलांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यांनी लिहिलं: कथा आणि मांडणी दोघांची, सुरुवातीपासून आजपर्यंत. पेन्सिल त्या नदीच्या अंकापर्यंत भावाची, त्यानंतर बहिणीची. शाई सगळी बहिणीची. गाढव दोघांचं.

"आणि ते 'कायमचे' काढा," मी म्हटलं. आता सुटलेच होते. "सिनेमा करू द्यायचा, तेवढीच परवानगी. आमचं गाढव आमच्याकडे."

मुलीने ओठ चावले, थोडा विचार केला. "बाबांना विचारलं असतं तर तेही हेच म्हणाले असते," ती म्हणाली. "लिहा."

तिसरा कागद निघाला. या वेळी वहिनीने तो वकिलांच्या हातून घेतला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत मोठ्याने वाचला, छापील मजकुरासकट. एका ठिकाणी तारीख चुकली होती, ती तिने दुरुस्त करून घेतली. मगच तिने तो आमच्या पुढे ठेवला. खाली दोन रेघा होत्या, एकीखाली एक, फार अंतर न ठेवता.

मी पहिली सही केली. दादाचं नाव लिहिताना माझा हात जितका ऐटीत फिरतो तितका माझं नाव लिहिताना फिरला नाही. बँकेच्या पावतीवर करतात तशी आखूड सही झाली, पण झाली.

मग कागद दादाकडे गेला. त्याने सवयीने खिशातली पेन्सिल काढली. वकिलांनी आपलं पेन पुढे केलं. "शाईने," ते म्हणाले, "आणि तुमच्याच हाताने."

दादाने पेन घेतलं. उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि टोक रेघेवर टेकवलं. पहिलं अक्षर खाली घसरलं. दुसरं दोनदा उमटलं. मधे एकदा तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं. शेवटचं अक्षर त्याच्या हाती राहिलंच नाही, ते रेघ सोडून वर गेलं आणि माझ्या सहीत घुसलं. माझे हात मांडीवर होते. बोटं वळवळत होती, एवढीशी रेघ सावरायला कितीसा वेळ लागतो! मी एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला.

दादाने पेन खाली ठेवलं आणि कागदाकडे बघितलं.

"घाण झाली ना?"

"झाली," मी म्हटलं.

वकिलांनी कागद उचलायला हात पुढे केला. मी त्यांना थांबवलं. टपाल्याच्या कागदावर दादाची शाईतली रेघ मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ती अजून ओली होती.